रस्टमधली एकेरी लिंक्ड लिस्ट: नोड धरायचा की त्याची जागा?

काम दिसायला किरकोळ होतं. सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं एक जुनं मोड्यूल रस्ट या नव्या भाषेत आणायचं होतं आणि त्याच्या पोटात एकेरी लिंक्ड लिस्ट होती, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या नोडांची साखळी. प्रत्येक नोडमध्ये कामाचा क्रमांक, म्हणजे ३२ बिटांचा एक पूर्णांक, आणि पुढच्या नोडचा पत्ता. लिस्टवर करायच्या गोष्टीही मोजक्याच: पुढच्या टोकाला नोड घालणं, तिथूनच काढणं, क्रमांक सांगून मधलाच एखादा नोड काढणं, अख्खी लिस्ट उलटी करणं आणि काम संपलं की मेमरी मोकळी करणं. अट एकच होती. 'अनसेफ', म्हणजे मेमरीची काही तपासणी लिहिणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर घेतल्याची खूण, हा शब्द कोडमध्ये कुठेही येता कामा नये.

रस्ट शिकणारे पुष्कळ जण नेमके इथेच अडखळतात. इतर भाषांत अगदी सुरुवातीला शिकवली जाणारी ही रचना इथे लिहायला घेतली की कंपायलर, म्हणजे कोड तपासून मशीनसाठी तयार करणारा प्रोग्राम, ओळीओळीला अडवतो, आणि 'ही भाषा लिंक्ड लिस्टसाठी नाहीच' असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. घोडं अडतं ते एका सवयीमुळे. सीमधून आलेला माणूस नोड हातात धरून पुढे सरकतो. रस्टमध्ये नोड ज्या जागेत ठेवलेला आहे ती जागा धरायची असते. एवढा एक फरक अंगवळणी पडला की वरच्या यादीतली जवळपास प्रत्येक क्रिया सरळ लिहिता येते. यादीबाहेरची, जुन्या मोड्यूलमधली एक गोष्ट मात्र तरीही बसत नाही, तिच्याकडे नंतर येतो.

रचना

लिंक्ड लिस्टची कल्पना फार जुनी. ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी १९५५-५६ च्या सुमारास आयपीएल ही भाषा रचताना ती वापरली, आणि १९५८ मध्ये सुरू झालेल्या लिस्पचा तर सगळा डोलाराच तिच्यावर उभा राहिला. लिस्पमध्ये न लागणारी मेमरी आपोआप आवरायला गार्बेज कलेक्टर होता. सीमध्ये तो नाही, आणि पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतला पत्ता धरणाऱ्या चलाच्या, प्रकारावरून एवढंच कळतं की पलीकडे नोड असू शकतो. तो फ्री कोणी करायचा (म्हणजे त्याची मेमरी परत कोणी द्यायची), दोन पॉइंटर एकाच नोडकडे बोट दाखवत असतील तर जबाबदार कोण, हे सगळं लिहिणाऱ्याच्या डोक्यात किंवा फार तर एखाद्या कॉमेंटमध्ये. १५ मे २०१५ ला रस्टची १.० आवृत्ती आली, आणि तिने हा प्रश्न थेट प्रकारातच आणून ठेवला. म्हणून इथे रचना ठरवताना कोण कुणाकडे बोट दाखवतो हे नंतर बघायचं. आधी कोण कुणाचा मालक हे ठरवायचं.

एकेरी लिस्टमध्ये याचं उत्तर स्वच्छ आहे. पहिल्या नोडची मालक लिस्ट, दुसऱ्याचा मालक पहिला, तिसऱ्याचा दुसरा. प्रत्येक नोडला नेमका एक मालक. रस्टला हवं असतं तेच.

ऑप्शन म्हणजे 'किंमत असेल किंवा नसेल' असं सांगणारा प्रकार: असेल तर 'सम', नसेल तर 'नन'. नोडमध्येच 'पुढचा' या फील्डचा प्रकार ऑप्शन<नोड> असा दिला तर ई००७२ ही एरर येते: प्रकाराचा आकार अनंत होतो. नोडच्या आत नोड, त्याच्या आत नोड, मग एका नोडला किती बाइट लागतील हे कंपायलरने ठरवायचं कसं? मध्ये पॉइंटर हवा, आणि मालकीसह येणारा पॉइंटर म्हणजे बॉक्स. तेव्हा फील्डचा प्रकार होतो ऑप्शन<बॉक्स<नोड>>, आणि लिस्ट म्हणजे त्याच प्रकारचं 'हेड' नावाचं एक फील्ड असलेलं स्ट्रक्ट (फील्डांचा गट).

ऑप्शन आणि बॉक्स अशी दोन वेष्टणं बघून जागा वाया जात असेल अशी शंका येते. ती खरी नाही. बॉक्स कधीच शून्य पत्त्यावर नसतो, त्यामुळे 'नन' दाखवायला तोच शून्य पत्ता वापरला जातो, आणि याची हमी स्टँडर्ड लायब्ररीच्या दस्तऐवजात दिलेली आहे. ६४ बिटांच्या मशीनवर ऑप्शन<बॉक्स<नोड>> बरोबर ८ बाइटांचा. त्यात क्रमांकाचे ४ आणि अलाइनमेंटसाठी सोडलेले ४ धरले की नोड १६ बाइटांचा. सीमधला नोडही एवढाच होता. मेमरीतले बाइट तेच राहतात. फरक इतकाच की 'नन' आहे का हे तपासल्याशिवाय आत हात घालता येत नाही.

आता या फील्डकडे एक खण म्हणून बघा. खण रिकामा असेल, नाही तर त्यात एक बॉक्स असेल. लिस्टकडे एक खण आहे, हेड. प्रत्येक नोडकडे एक खण आहे, 'पुढचा'. सगळे खण एकाच प्रकारचे. लिस्टचा खण आणि नोडचा खण यांत प्रकाराच्या दृष्टीने काही भेद नाही, आणि पुढे याचा फार उपयोग होतो.

घालणं आणि काढणं

पुढच्या टोकाला नोड घालायचा तर सीचा हात आपोआप असं लिहितो: नव्या नोडच्या 'पुढचा' मध्ये हेड ठेवा, मग हेडमध्ये नवा नोड ठेवा. रस्टमध्ये पहिल्याच पायरीवर ई०५०७ येते. म्युटेबल रेफरन्सच्या, म्हणजे बदल करायच्या हक्कासह उसन्या घेतलेल्या पत्त्याच्या, पलीकडे असलेल्या वस्तूतून किंमत हलवून नेता येत नाही.

पुढच्याच ओळीत ती जागा आपण भरणार आहोत, मग हरकत कशाला? हरकत रास्त आहे. हलवणं आणि भरणं यांच्या मध्ये काही कारणाने पॅनिक झालं, म्हणजे चूक होऊन काम मध्येच थांबलं, तर स्टॅक (चालू फंक्शनांच्या नोंदी ठेवणारी मेमरी) उलगडत जाताना लिस्टचा ड्रॉप, म्हणजे वस्तू संपताना तिची आवराआवर करणारं कोड, चालतो. तेव्हा हेडमध्ये काय असेल? बाइट जुनेच असतील, पण त्यांची मालकी नव्या नोडकडे गेलेली. एकच मेमरी दोनदा मोकळी होईल. म्हणून रस्ट म्हणतं, किंमत नेताय तर बदल्यात काहीतरी ठेवून जा.

त्यासाठी ऑप्शनवर 'टेक' ही मेथड आहे. खणात जे असेल ते ती हातात देते आणि खणात 'नन' ठेवते. नव्या नोडच्या 'पुढचा' मध्ये हेडचा टेक, मग हेडमध्ये 'सम' आणि नवा बॉक्स. झालं. या दोन पायऱ्यांच्या मध्ये लिस्ट रिकामी दिसते, पण रिकामी लिस्ट ही पूर्णपणे वैध लिस्ट असते. काढतानाही तेच: हेडचा टेक घ्यायचा, नोड मिळाला तर त्याचा 'पुढचा' हेडमध्ये ठेवायचा आणि क्रमांक परत द्यायचा. लिस्ट उलटी करताना नवी, रिकामी साखळी घेऊन जुन्या साखळीतून एकेक नोड पुढून काढायचा आणि नव्या साखळीच्या पुढे बसवायचा. एकही नवा बॉक्स बनवावा लागत नाही.

मेमरी मोकळी करताना

इथे प्रकरणाला पहिलं गंभीर वळण लागलं, आणि ते कंपायलरने दाखवलं नाही.

रस्टमध्ये ड्रॉप हाताने लिहिण्याची सक्ती नाही. लिस्ट संपली की हेड मोकळा होतो, हेड मोकळा होताना त्यातला बॉक्स, बॉक्समधला नोड, नोडचा 'पुढचा', त्यातला बॉक्स, असं आपोआप होत जातं. सीमधलं फ्री करणारं लूप नव्या कोडमध्ये लागणारच नाही असं वाटतं, आणि छोट्या लिस्टवर सगळ्या टेस्ट हिरव्या होतात.

मग १० लाख नोडांची लिस्ट बनवून सोडून दिली की प्रोसेस कोसळते: थ्रेडचा स्टॅक ओव्हरफ्लो झाला असा संदेश आणि लगेच अबॉर्ट. हे पॅनिक नव्हे. त्यामुळे पॅनिक झेलणारं कोड ते झेलू शकत नाही. टेस्ट चालू असताना झालं तर टेस्टची सगळी प्रोसेसच जाते आणि उरलेल्या टेस्टचे निकालही हाती लागत नाहीत.

गोम अशी की आपोआप येणारा ड्रॉप रिकर्सिव्ह असतो. पहिल्या नोडचा ड्रॉप पूर्ण व्हायला दुसऱ्याचा पूर्ण व्हावा लागतो, दुसऱ्याचा व्हायला तिसऱ्याचा. टेल कॉलमुळे (फंक्शनची शेवटची कृतीच कॉल असेल तर नवी जागा न घेण्याच्या युक्तीमुळे) हे सपाट होईल अशी आशा इथे चालत नाही, कारण आतल्या नोडचा ड्रॉप परत आल्यावर बाहेरच्या बॉक्सची मेमरी मोकळी करायचं काम उरलेलंच असतं. शेवटची कृती कॉल नसून मोकळं करणं आहे. म्हणून प्रत्येक पातळीची फ्रेम (त्या कॉलची नोंद) स्टॅकवर थांबून राहते.

हिशेब करून बघा. रस्टमध्ये नव्याने सुरू केलेल्या थ्रेडला, आणि टेस्ट सहसा अशाच थ्रेडवर चालतात, ठरवून काही सांगितलं नाही तर २ मेबिबाइट स्टॅक मिळतो, म्हणजे २०,९७,१५२ बाइट. १० लाख पातळ्या त्यात बसवायच्या तर एका पातळीला जेमतेम २ बाइट. नुसता परतीचा पत्ताच ८ बाइटांचा! लिनक्सवर मुख्य थ्रेडला साधारणपणे ८ मेबिबाइट असतात, म्हणजे ८३,८८,६०८ बाइट, पातळीमागे ८ बाइटांहून थोडे अधिक. तिथेही परतीच्या पत्त्यापलीकडे काहीच उरत नाही. नेमकं कितव्या नोडवर कोसळेल हे बिल्ड डीबग आहे की रिलीज यावर अवलंबून, पण १० लाखांवर कोसळणार हे कागदावरच सिद्ध होतं.

उपाय छोटा आहे. लिस्टसाठी ड्रॉप हाताने लिहायचा: हेडचा टेक एका चलात घ्या, त्यात नोड आहे तोवर त्या नोडच्या 'पुढचा' चा टेक त्याच चलात ठेवा. लूपची फेरी संपते तेव्हा हातातला नोड स्कोपबाहेर जातो, पण त्याचा खण आपण आधीच रिकामा केलेला असतो, म्हणून त्याचा ड्रॉप एका पातळीतच आटोपतो. सीमधलं फ्री करणारं लूप शेवटी परत आलंच, फक्त 'फ्री' हा शब्द त्यात नाही.

हा ड्रॉप लिस्टवर लिहायचा, नोडवर नाही. नोडवर लिहिला की नोड फोडून त्याचा 'पुढचा' बाहेर काढता येत नाही, ई०५०९ येते. ड्रॉप असलेल्या वस्तूचे अर्धे अवयव हलवून नेले तर तिचा ड्रॉप कशावर चालणार? तिथेही टेक वापरून सुटका होते, पण मग सगळीकडेच टेक करत बसावं लागतं.

हाच धोका डिराइव्ह करून आपोआप लिहून घेतलेल्या क्लोन (नक्कल काढणं) आणि डीबग (मजकूर म्हणून दाखवणं) यांमध्येही आहे. दोन्ही नोडमागून नोड आत शिरत जातात. मोठ्या लिस्टचा क्लोन लागणार असेल तर तोही लूपनेच लिहावा. ही गोष्ट फारशी बोलली जात नाही आणि ती बोलली जायला हवी, कारण मेमरी सेफ्टीची हमी म्हणजे प्रोग्राम कोसळणार नाही अशी हमी नव्हे. स्टॅक संपल्यावर झालेला अबॉर्ट रस्टच्या दृष्टीने सुरक्षितच असतो. चालू सर्व्हिस बंद पडते ती पडतेच.

मधला नोड काढताना

या कामातला सगळ्यात कस लावणारा भाग हाच.

सीमधल्या जुन्या कोडमध्ये दोन पॉइंटर होते, 'मागचा' आणि 'चालू'. चालू नोड जुळला की मागच्याचा दुवा त्याच्या पुढच्याला जोडायचा. पहिलाच नोड जुळला तर मागचा नसतो, म्हणून हेडसाठी वेगळा इफ. हेच रस्टमध्ये दोन म्युटेबल रेफरन्स घेऊन लिहायला गेलात तर ई०४९९ येते. चालू नोडपर्यंत जायचा रस्ता मागच्या नोडमधूनच जातो. मागच्यावर पूर्ण हक्क असेल तर चालूवरही तो आलाच, मग त्याच वेळी चालूवर दुसरा स्वतंत्र हक्क कसा देणार?

इथे खण धरायचा. एकच कर्सर, आणि त्याचा प्रकार 'ऑप्शन<बॉक्स<नोड>> चा म्युटेबल रेफरन्स'. म्हणजे कर्सर नोडवर नसतो, तो खणावर असतो. सुरुवातीला हेडच्या खणावर. खणात नोड असेल आणि त्याचा क्रमांक आपल्याला हवा तो नसेल, तर कर्सर त्या नोडच्या 'पुढचा' या खणावर न्यायचा.

सीवाल्यांना ही युक्ती परकी नाही. पॉइंटरचा पॉइंटर घेऊन हेच करता येतं. लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २०१६ मध्ये टेडच्या मंचावर कोडमधल्या चांगल्या अभिरुचीचं उदाहरण म्हणून लिंक्ड लिस्टमधून नोड काढण्याचे दोन नमुने दाखवले होते: एक इफवाला, दुसरा पॉइंटरच्या पॉइंटरचा, ज्यात तो इफ उरतच नाही. सीमध्ये हा दुसरा नमुना अभिरुचीचा प्रश्न होता. रस्टमध्ये पहिला कंपाइलच होत नाही, त्यामुळे चांगल्या नमुन्याकडे वळावंच लागतं. मला हे या भाषेचं मोठं देणं वाटतं.

तरीही पहिल्या प्रयत्नात सहसा एक अडथळा येतो. लूप असं लिहावंसं वाटतं: कर्सरच्या खणात नोड असेल तर त्याला 'नोड' म्हणा, त्याचा क्रमांक जुळला तर खणात नोडचा 'पुढचा' ठेवा आणि परत फिरा, नाही जुळला तर कर्सर नोडच्या 'पुढचा' वर न्या. वाचायला निर्दोष, आणि तर्कानेही निर्दोषच. पण ई०५०६ येते: खण बॉरो केलेला, म्हणजे उसना दिलेला, असताना त्यात नवी किंमत ठेवता येत नाही.

असं का होतं ते नीट बघण्यासारखं आहे. 'नोड' हे नाव कर्सरच्या खणातून उसनं घेतलेलं आहे. न जुळण्याच्या फांदीत तीच उसनवारी कर्सरमध्ये शिरून पुढच्या फेरीपर्यंत टिकते. जुळण्याच्या फांदीत ती लगेच संपायला हरकत नाही. बॉरो चेकर, म्हणजे कंपायलरचा उसनवाऱ्या तपासणारा भाग, मात्र एका उसनवारीला एकच मुदत लावतो, आणि कर्सर जिथे जिथे जिवंत आहे ते सगळे बिंदू त्या मुदतीत धरतो. जुळण्याच्या फांदीतही कर्सर वापरलेला आहे, म्हणून तिथेही खण उसना गेलेलाच समजला जातो. डिसेंबर २०१८ मध्ये १.३१ आवृत्तीबरोबर आलेल्या नव्या बॉरो चेकरने जुन्या कितीतरी तक्रारी संपवल्या, पण ही मर्यादा त्यात राहिली. पोलोनियस या नावाने ज्या पुढच्या पद्धतीवर काम चालू आहे, तिचा हेतू अशीच उदाहरणं मान्य करण्याचा आहे. म्हणजे इथे चूक कोड लिहिणाऱ्याची नसते. बरोबर असलेलं कोड सिद्ध करण्याएवढी ताकद तपासणाऱ्यात नसते. शिकणाऱ्याला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, नाही तर तो स्वतःच्या समजुतीवरच शंका घेत बसतो.

वाट दोन प्रकारे निघते. एक, मॅच (नमुन्यानुसार फांद्या पाडणारी रचना) लिहून जुळण्याची अट गार्डमध्ये, म्हणजे फांदीला जोडलेल्या अटीत, टाकायची, म्हणजे दोन फांद्यांत दोन वेगवेगळ्या उसनवाऱ्या होतात आणि एकीची मुदत दुसरीला चिकटत नाही. दुसरी, जी आम्ही ठेवली: शोधणं आणि काढणं वेगळं करायचं. लूपच्या अटीत खणाकडे फक्त वाचण्यासाठी बघायचं. नोड आहे आणि जुळत नाही एवढंच विचारायचं. लूपच्या आत कर्सर पुढच्या खणावर. लूप संपल्यावर कर्सर ज्या खणावर थांबला असेल त्याचा टेक घ्यायचा. नोड मिळाला तर त्याचा 'पुढचा' त्याच खणात ठेवायचा. नाही मिळाला तर तो क्रमांक लिस्टमध्ये नव्हताच.

लिस्टमध्ये ७, १२, ९ असे तीन नोड आहेत आणि १२ काढायचा आहे असं समजा. कर्सर हेडच्या खणावर. आत ७, जुळत नाही. कर्सर ७ च्या खणावर. आत १२, लूप थांबलं. टेक घेतला. आता ७ चा खण रिकामा, आणि आपल्या हातात १२, त्याच्या खणात ९. या क्षणी मेमरीत दोन लिस्ट आहेत: एक नुसती ७ ची, दुसरी १२ आणि ९ ची. दोन्ही धडधाकट. इथेच प्रोग्राम पॅनिक झाला तरी दोन्ही आपापल्या मालकांकडून एकदाच मोकळ्या होतील. पुढच्या पायरीला १२ च्या खणातला बॉक्स ७ च्या खणात जातो, आणि १२ स्कोपबाहेर पडतो तिथेच त्याचे १६ बाइट परत जातात. सीमध्ये दुवा जोडल्यावर जुना नोड फ्री करायला विसरलं की गळती, आणि आधी फ्री करून मग त्याचा दुवा वाचला तर मोकळ्या केलेल्या मेमरीत हात. इथे या दोन्ही चुका लिहायला जागाच उरत नाही.

आणि १२ ऐवजी ७ काढायचा असता तर? कर्सर हेडच्या खणावरच थांबला असता आणि पुढचं सगळं अक्षरशः तेच झालं असतं. सगळे खण एकाच प्रकारचे असल्याचा फायदा तो हा.

जुळणारे सगळे नोड काढायचे असतील तर एकच पथ्य: काढल्यावर कर्सर पुढे सरकवायचा नाही, कारण त्याच खणात आता पुढचा, अजून न तपासलेला नोड येऊन बसलेला असतो. ७, १२, १२, ९ यातून १२ काढताना हे विसरलं की दुसरा १२ तसाच राहतो. ही चूक कंपायलर पकडत नाही, तिच्यासाठी टेस्टच हवी.

शेपटीचा प्रश्न

सीच्या मोड्यूलमध्ये लिस्टच्या स्ट्रक्टमध्ये शेवटच्या नोडचाही पॉइंटर होता, म्हणजे मागे नोड जोडताना पूर्ण लिस्ट चालत जावं लागत नसे. सुरुवातीला म्हटलेली न बसणारी गोष्ट ही. शेवटच्या नोडचा मालक त्याच्या आधीचा नोड. लिस्टने त्याच नोडचा म्युटेबल रेफरन्स स्वतःच्याच फील्डमध्ये ठेवायचा म्हणजे स्वतःचाच एक भाग स्वतःकडून कायमचा उसना घ्यायचा. सेफ रस्टमध्ये हे काम देणारं स्ट्रक्ट लिहिता येत नाही.

पर्याय तीन निघतात. आरसी (मालक मोजणारा पॉइंटर) आणि रेफसेल (उसनवारीचे नियम प्रोग्राम चालू असताना तपासणारं वेष्टण) घेऊन मालकी वाटून द्यायची: नोडमागे दोन मोजण्या आणि एक बॉरो फ्लॅग येतो, १६ बाइटांचा नोड ४० बाइटांचा होतो, आणि नियम मोडला तर कंपाइल करताना कळण्याऐवजी प्रोग्राम चालू असताना पॅनिक येतं. किंवा रॉ पॉइंटर, सीसारखा मालकीचे नियम नसलेला पत्ता, म्हणजे अनसेफ. स्टँडर्ड लायब्ररीतली दुहेरी लिंक्ड लिस्ट आतून असंच करते. त्यात पाय घसरायची जागा अशी की बॉक्सच्या आत बोट दाखवणारा रॉ पॉइंटर ठेवून तो बॉक्स इकडून तिकडे हलवला तर कोड चालतं पण नियम मोडलेला असतो, कारण बॉक्स एकमेव हक्काचा दावा करतो. मिरी या, चालवताना असे नियम तपासणाऱ्या टूलवर चालवलं की ते उघडं पडतं. या वाटेने जायचंच तर सगळेच दुवे रॉ करावेत, अर्धे बॉक्स आणि अर्धे रॉ असं करू नये. तिसरा पर्याय म्हणजे नोड एका व्हेकमध्ये (वाढू शकणाऱ्या सलग यादीत) ठेवायचे आणि पत्त्याऐवजी इंडेक्स वापरायचा. हा मला या तिन्हीत सगळ्यात निकोप वाटतो, फक्त मोकळ्या जागांचा हिशेब स्वतः ठेवावा लागतो.

पण जुनं कोड नीट वाचल्यावर दिसलं की मागे जोडणं फक्त एकाच ठिकाणी होतं: इनपुट वाचून लिस्ट पहिल्यांदा बनवताना. तेवढ्यासाठी शेपूट स्ट्रक्टमध्ये ठेवायची गरजच नव्हती. लिस्ट बनवणाऱ्या फंक्शनमध्ये हेड हा लोकल चल, 'शेपूट' म्हणजे त्याच्या खणाचा म्युटेबल रेफरन्स. प्रत्येक क्रमांकाला शेपटीच्या खणात ऑप्शनच्या 'इन्सर्ट' ने नवा बॉक्स ठेवायचा आणि शेपूट त्या नव्या नोडच्या खणावर न्यायची. फंक्शन संपताना उसनवारी संपते आणि हेड लिस्टमध्ये जातो. शेपटीचं आयुष्य फंक्शनपुरतं असेल तर बॉरो चेकरची काहीच तक्रार नसते, आणि अनसेफशिवाय प्रत्येक जोडणी एका पायरीत होते. खण धरायची तीच युक्ती, फक्त दुसऱ्या टोकाला.

वेग

स्टँडर्ड लायब्ररीचा दस्तऐवज स्वतःच सांगतो की लिंक्ड लिस्टपेक्षा व्हेक किंवा व्हेकडेक (दोन्ही टोकांना घालता-काढता येणारी यादी) घेणं जवळपास नेहमीच बरं. कारण साधं आहे. व्हेकमध्ये एक क्रमांक ४ बाइटांत, आणि बहुतेक प्रोसेसरवर असलेल्या ६४ बाइटांच्या एका कॅश लाइनमध्ये (मेमरीतून एका वेळी उचलल्या जाणाऱ्या तुकड्यात) असे १६ क्रमांक एकदम येतात. नोड १६ बाइटांचा, आणि ६४ बिटांच्या लिनक्सवर ग्लिबसी या सी लायब्ररीचा ॲलोकेटर (मेमरी वाटणारा भाग) त्यासाठी ३२ बाइटांचा तुकडा खर्ची घालतो. वर पुढचा पत्ता आधीचा नोड वाचल्याशिवाय कळतच नाही, त्यामुळे प्रोसेसरला पुढचं आधीच आणून ठेवता येत नाही.

नव्याने लिहायचं असतं तर मी व्हेकच घेतला असता. इथे लिस्ट ठेवली कारण मोड्यूलच्या इतर भागांना नोड एका लिस्टमधून दुसरीत न कॉपी करता हलवायचे होते, आणि बॉक्स एका खणातून दुसऱ्यात नेणं म्हणजे ८ बाइटांची हालचाल.

टेस्ट

कंपायलर बरंच सांभाळतो म्हणून टेस्टकडे दुर्लक्ष चालत नाही. फक्त टेस्टचा रोख बदलतो. पहिला, मधला, शेवटचा आणि नसलेला क्रमांक काढून बघणं, एकाच नोडाची लिस्ट रिकामी करून परत भरणं, आणि लागोपाठचे दोन सारखे क्रमांक काढणं ही तर्काची बाजू. १० लाख नोडांची लिस्ट बनवून सोडून देणं ही स्टॅकची बाजू. ही टेस्ट २ मेबिबाइट असं स्पष्ट सांगून सुरू केलेल्या थ्रेडवर ठेवली, म्हणजे कुणी पुढे हाताने लिहिलेला ड्रॉप 'नको असलेलं कोड' समजून काढून टाकला तर त्याच दिवशी कळेल.

क्रमांकाऐवजी कुठलाही प्रकार चालावा म्हणून लिस्ट जेनेरिक केली तेव्हा बदल फार थोडे लागले: क्रमांकाच्या जागी टी (कुठल्याही प्रकारासाठीचं नाव), आणि शोधून काढणाऱ्या मेथडपुरती पार्शलईक्यूची, म्हणजे दोन किमती सारख्या आहेत का हे विचारता येण्याची, अट. त्याने आणखी एक टेस्ट शक्य झाली. ड्रॉप होताना एक मोजणी वाढवणारा छोटा प्रकार लिस्टमध्ये भरायचा, काही नोड मधून काढायचे, लिस्ट उलटी करायची, मग सोडून द्यायची; मोजणी घातलेल्या नोडांइतकीच यायला हवी. कमी आली तर गळती, जास्त आली तर दोनदा मोकळं झालं. अनसेफ नसताना जास्त येणं शक्य नाही. कमी येऊ शकते, कारण मेमरी गळू देणं रस्टच्या नियमांत बसतं, म्हणून ही टेस्ट ठेवली आहे.